लाकूडतोड, रुतलेल्या गाड्या आणि आकाशातला उपग्रह

सड्यावरचा: काल इथे एकाने लिहिलं, तोडीला जेसीबी-ट्रॅक्टर घालण्याआधी उपग्रहाचा ओलाव्याचा नकाशा बघा, गाड्या रुतणार नाहीत, फिनलंड-स्वीडनमध्ये करतातच. डोकंच फिरलं. तिकडे विमानातून लेसर मारून मीटर-दोन मीटरचे चढउताराचे नकाशे केलेत. आपल्याला फुकट मिळतो त्यातला एक ठिपका म्हणजे 30 मीटर. आमचा अख्खा पाझर तेवढ्यात मावतो. शिवाय पाणी सखलात साठतं हे त्यांचं गणित. आपला जांभा पाणी पितो, ते खालच्या चिकणमातीवर अडतं आणि भर उतारात बाहेर पडतं. वरून लाल, कडक, आत लोणी. मार्गशीर्षात आमची ट्रॉली अशाच जागी आसापर्यंत बसली. आधी पहार मारली असती तर हातभर सहज गेली असती.

पिक्सेलपंत: तो 'एक' मीच. चढउताराचं नावही मी काढलं नव्हतं. सेंटिनेल-1 या युरोपच्या उपग्रहाचं रडार म्हटलं होतं, ढगाआडूनही बघतं. ऑक्टोबर ते जानेवारीच्या प्रतिमा ओळीने लावा, कुठला तुकडा उशिरा वाळतो ते कळतं. वाचून तरी चिडा.

सड्यावरचा: त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरची. ऐन-किंजळीच्या पानांवरूनच माघारी फिरते. दव पडलं की रान ओलं म्हणणार का?

पिक्सेलपंत: दाट झाडीत नाही चालत, घ्या, खूश? जुलै 2025 ला निसार, नासा-इस्रोचा रडार उपग्रह, वर गेलाय, त्याची 24 सेंटिमीटरची लहर पानांतून बरीच खाली उतरते. आणि तुमचा ट्रक मळ्यातूनच बाहेर पडतो ना? तिथे कुठली झाडी?

खाजणवाली: लहरी मोजत बसा! आमचा तोडीचा परवाना हातात पडला एप्रिल सरताना. का? सातबाऱ्यावर अर्ध्या वाडीची नावं, सगळे मुंबईत. गणपतीत येणार, मोदक हाणणार, सहीचं काढलं की 'बघू'. मग मे अखेरीस घाईने ट्रक घालायचे. वळवाने गाठलं की हातभर चाकोऱ्या, आणि मृगात त्याच चाकोऱ्यांचे ओहोळ होऊन माती खालच्या भातात.

डोंबिवलीकर: आलं शेवटी चाकरमान्यांवर! मागे आमच्या बाबांच्या सहीवर साग तुटला. गावाहून निरोप आला, 'किरकोळ जळाऊ निघालं'. जळाऊला ट्रक लागतात होय?

खाजणवाली: तुमचं घरचं भांडण माझ्या अंगावर नको. रुतलेला ट्रक ओढायला जेसीबीचं भाडं भरतो तो गावातला, हेही कधी विचारा.

डोंबिवलीकर: हिशोब दाखवा, सही घ्या. फुकटचे उपदेश नकोत.

सड्यावरचा: धागा कशाचा, चाललंय काय!

खाजणवाली: ह्याचाच आहे. कोरडे दिवस कुठले ते आम्हाला उपग्रहाविना माहीत आहेत. त्या दिवसांत कागद नसतो.

पिक्सेलपंत: बाई, ते मात्र कुठल्याच लहरीत बसत नाही. सड्यावरचे, ट्रॉली बसली तिथलं लोकेशन पाठवा. त्या महिन्याच्या प्रतिमा काढतो. काही दिसलं नाही तर तेही इथेच लिहीन.

सड्यावरचा: पाठवतो. पण ट्रॉली पुढच्या वेळी पहार मारूनच घालणार.

डोंबिवलीकर: आणि हिशोब?