प्रति: कॅलेंडर सिंक करा, डबल बुकिंग होणार नाही

होमस्टे दोन बुकिंग साइटवर टाकला असेल, तर दोन्ही साइटची कॅलेंडरं जोडली की एकाच तारखेला दोन बुकिंग पडण्याचा प्रश्न मिटतो, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. अर्धंच खरं. आयकॅलची लिंक (एका साइटवरच्या भरलेल्या तारखांची फाइल दुसरीला वाचायला देणारी) तारखा लगेच पोचवत नाही. समोरची साइट आपल्या सवडीने ती फाइल वाचते, कधीकधी दोन-तीन तासांनी. तेवढ्यात दुसरं बुकिंग पडतं.

गेल्या नाताळात गोव्यात मांद्र्याला आमच्या होमस्टेच्या गेटपाशी एकाच संध्याकाळी दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी. साइटच्या हेल्पलाइनवर पाऊण तास तीच ट्यून. शेवटी एका कुटुंबाची सोय शेजारच्या वहिनींकडे केली, जेवण आमच्याकडे. दंड मात्र साइटने आमच्या पैशांतून कापला, रेटिंगही घसरलं (सिंक त्यांचं, पाप आमचं!). आता डिसेंबर लागला की एका साइटवरच्या सगळ्या तारखा मी सरळ हाताने बंद करून टाकतो.