टेकडीवरचं 'रडार'

शालूताई: आज दुपारी माह्या पोट्ट्याचे दोन्ही तळहात गंजानं लाल. खिशात एक नट सापडला, टेकडीवरच्या टॉवरचा. म्हणे मिलिटरीचं रडार पाहाले गेलो होतो. हे कोणं सांगितलं लेकरायले?

गजू: ताई, रागावू नका. काल चेर्नोबिलच्या जुन्या रडारचा व्हिडिओ मीच टाकला, त्यानं लोकायची डोकी फिरवली म्हणते तो. आपला टॉवर तसाच दिसते, एवढंच लिहिलं होतं.

बंडूभाऊ: दिसते नाई, तसाच आहे. ढग येतात अन् टेकडीपाशी फुटून जातात. ३ वर्सं झाले सांगून राह्यलो.

रामभाऊ काका: बंडू, तो टीव्हीचा टॉवर होय. माह्या समोर उभा झाला. लोखंड आपल्याच बैलबंड्यायनं वर नेलं, तुह्या बाबानंबी २ खेपा मारल्या.

बंडूभाऊ: काका, तुमचा मान आहे. पण बंडीवाल्याले आत काय बसवलं ते कोण सांगते?

शालूताई: शिडी कापा. पोट्टे चढून राह्यले.

जोशी सर: गजू, व्हिडिओ अर्धवट आहे. त्या रडारचं नाव दुगा. उंची जवळपास १५० मीटर, लांबी ७००. हजारो किलोमीटरवर क्षेपणास्त्र सुटलं तर कळावं म्हणून सोव्हिएत लष्करानं बांधलं. लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पृथ्वीच्या बाकापलीकडे जात. अन् चेर्नोबिलजवळ जे उभं आहे ते फक्त ऐकणारं. लहरी सोडणारं केंद्र तिथून सुमारे ६० किलोमीटरवर होतं. मग ह्या सांगाड्यानं लोकांची डोकी फिरवली, हे कसं खरं मानायचं?

रामभाऊ काका: सर, तो आवाज म्या ऐकला असन. रात्री रेडिओ सिलोन लावलं का मधातच टकटकटक. आमाले वाटे सेल उतरले.

जोशी सर: तोच असेल काका. सेकंदाला १० ठोके. १९७६ ते १९८९. जगभरचे रेडिओवाले त्याला सुतारपक्षी म्हणत.

मोहन: आमची मोटर बी टकटकच करते 😄 डीपी कवा बसते ते सांगा.

बंडूभाऊ: डीपीच्या वर्गणीत तुहं नाव दाखव पयले.

मोहन: ५०० रुपये दिले म्या. वही काढ.

शालूताई: शिडी कापा. पोट्टे चढून राह्यले.

बंडूभाऊ: सर, एवढं साधं होतं तर लपवलं काहून?

जोशी सर: लष्करी होतं म्हणून. नकाशावर तिथं मुलांचं शिबिर दाखवत. त्यात १९८६ चा अणुभट्टीचा अपघात, परिसर रिकामा झाला. विचारायला माणूसच उरला नाही, मग ज्याला जे वाटलं ते तो सांगत सुटला. आपल्या टॉवरच्या खोलीची चावी सरपंचांच्या घरी खुंटीला आहे. या, दार उघडून दाखवतो.

बंडूभाऊ: येतो. पण पावसाचं माह्यं म्हणणं कायम.

शालूताई: तिसऱ्यांदा लिहून राह्यले. आत्ता जाऊन पाह्यलं. नट निघाला तिथली पायरी एकाच बाजूनं लटकली आहे. माह्यं पोट्टं त्याच्याही वर गेलतं.

गजू: ताई, चुकलं माह्यं. व्हिडिओ काढला.

रामभाऊ काका: सरपंचाले फोन केला, त्यायनं हो म्हटलं. उद्या वेचाईच्या आधी खालची १० फूट शिडी काढू. मोहन, तुहं कटर आण. बंडू, ट्रॉली.

मोहन: आणतो काका.

बंडूभाऊ: ट्रॉली घेऊन येतो.

शालूताई: किती वाजता?

रामभाऊ काका: ६ ले.