अनुभव धागा : सोलापुरातील मेल सर्व्हर आणि चुकणारा स्पॅम फिल्टर

सोलापुरात स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणारी माणसे मोजकीच आहेत. टॉवेल-चादरींचे कारखाने, गणवेश शिवणारे उद्योग, महाविद्यालये आणि रुग्णालये यांत ती विखुरलेली असली, तरी सर्वांना येणारा फोन मात्र एकच असतो : "समोरचा पाठवला म्हणतो, आमच्याकडे आलाच नाही." अशा वेळी बहुतेक जण स्पॅमअसॅसिन या फिल्टरची गुणमर्यादा (संशयाचे गुण इथवर पोहोचले की मेल स्पॅम ठरतो) मूळच्या पाचवरून आठ-नऊवर नेऊन ठेवतात. फोन थांबतो खरा, पण पुढे प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये कचरा साचू लागतो आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून या धाग्यात फिल्टरने कोणत्या नियमामुळे चुकीचा निर्णय घेतला आणि तो नियम आपण कसा शोधून काढला, एवढेच लिहावे ही विनंती आहे. संस्था आणि सेवादाते यांची नावे टाळावीत.

टेरी टॉवेलचा निर्यात विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमच्याकडे एका सकाळपासून परदेशी खरेदीदारांचे सगळेच मेल नाकारले जाऊ लागले. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) प्रत्येक ओळीत स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन या काळ्या यादीचा (नाकारण्याजोग्या पत्त्यांच्या यादीचा) उल्लेख होता आणि नाकारलेल्यांत मोठमोठ्या मेलसेवांचे सर्व्हरही होते. जगातले सगळे सर्व्हर एकाच रात्रीत काळ्या यादीत जाणे शक्य नसल्याने दोष आपल्या बाजूचा आहे, हे उघड होते. चौकशी केल्यावर कळले, की आदल्या दिवशी इंटरनेटची लाइन बदलताना सर्व्हरचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था) ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे, म्हणजे असे प्रश्न सोडवणाऱ्या सर्वांसाठी खुल्या सर्व्हरकडे, वळवला गेला होता. काळी यादीही डीएनएसमधूनच विचारली जाते. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस उत्तर देते ते १२७.२५५.२५५.२५४ असे, आणि त्याचा अर्थ "या मार्गाने विचारू नका" इतकाच असतो. पोस्टफिक्सला मात्र नुसते यादीचे नाव दिलेले असेल, तर कोणतेही उत्तर आले की तो पत्ता यादीत आहे असे समजून मेल नाकारतो.

आम्ही त्याच यंत्रावर अनबाउंड हा आपला स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, तो दुसऱ्या कोणाकडे प्रश्न न ढकलता स्वतःच उत्तर शोधेल अशी रचना केली आणि यादीच्या नावापुढे १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरे ग्राह्य धरण्याची अट घातली. तपासणीची रीत सोपी आहे : यादीला १२७.०.०.२ हा पत्ता विचारला तर "आहे" असे उत्तर आले पाहिजे, आणि १२७.०.०.१ विचारला तर काहीही येता कामा नये. दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर मिळत असेल, तर ती यादी ताबडतोब काढून टाकावी.

महाविद्यालयाचा संगणक विभाग

आमच्या प्राध्यापकांनी कितीतरी दिवस इमानेइतबारे स्पॅम मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले, रोज रात्री ते फिल्टरला शिकवलेही जात होते, आणि तरी बनावट परिषदांची आमंत्रणे पूर्वीसारखीच येत राहिली. मेलचा हेडर (मजकुराआधीचा तांत्रिक तपशील) उघडून पाहिला तेव्हा लागू झालेल्या नियमांच्या ओळीत बेझ, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून अंदाज बांधणारा फिल्टरचा भाग, या शब्दाने सुरू होणारा एकही नियम दिसला नाही. म्हणजे इतकी शिकवणी होऊनही बेझ गप्पच होता.

आधी शंका आली ती संख्येची. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय बेझ मूळ सेटिंगमध्ये गुण देतच नाही, आणि लोक स्पॅम शिकवतात पण चांगले मेल शिकवायचे विसरतात. परंतु एसए-लर्न या शिकवणीच्या आज्ञेने दाखवलेले आकडे दोन्ही बाजूंनी भरपूर होते. मग हीच आज्ञा अमाविस (मेल फिल्टरकडून तपासून घेणारा प्रोग्रॅम) या वापरकर्त्याच्या नावाने चालवली, तेव्हा दोन्ही आकडे शून्य आले. शिकवणीचे रात्रीचे काम रूटच्या (यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या) नावाने चालत होते, त्यामुळे सगळे ज्ञान रूटच्या डेटाबेसमध्ये साठत होते. प्रत्यक्ष मेल तपासणारा अमाविस स्वतःच्या रिकाम्या डेटाबेसकडे पाहत बसला होता. क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) कामातील वापरकर्ता बदलून जुने मेल पुन्हा शिकवले आणि आमंत्रणांचा ओघ आटला. माझ्या मते बेझविषयीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असावे.

सहकारी पतसंस्था, जुळे सोलापूर

सभासदांनी मराठीत लिहिलेले अर्ज स्पॅममध्ये जात आणि इंग्रजीत आलेल्या लॉटरीच्या थापा खुशाल इनबॉक्समध्ये येत. हेडरमध्ये प्रत्येक वेळी नको असलेल्या भाषेचा नियम लागलेला होता, कारण पूर्वीच्या कंत्राटदाराने मान्य भाषांच्या यादीत केवळ इंग्रजी लिहून ठेवली होती. तिथे मराठी आणि हिंदीही लिहिता येतात, पण मला ते पुरेसे वाटले नाही : आपल्या शहरात एकाच घरातून मराठी, तेलुगू आणि कन्नड पत्रे येऊ शकतात, आणि दोन ओळींच्या मजकुरावरून भाषा ओळखण्यात यंत्र हमखास फसते. म्हणून ते सेटिंग मूळच्या "सर्व भाषा" या पर्यायावर परत नेले. सोलापुरात भाषा हा स्पॅमचा निकष असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही मराठी मेल त्यानंतरही अडकत राहिले. त्यांत नोटिसा पाठवणारी प्रणाली विषयाच्या ओळीत देवनागरी अक्षरे सांकेतिक रूप न देता तशीच कोंबत होती. तिथे फिल्टरचा आक्षेप रास्त होता, म्हणून दुरुस्ती त्या प्रणालीतच करून घेतली.

गणवेश उद्योग

आमचा विक्री प्रतिनिधी हैदराबादच्या लॉजवरून मेल पाठवू लागला, की आमचाच सर्व्हर त्याला नाकारत असे. झेन यादीत घरगुती आणि मोबाइल जोडण्यांचे पत्तेही असतात, आणि आमच्या नियमांच्या क्रमात काळी यादी आधी, पासवर्डने ओळख पटलेल्यांना परवानगी नंतर, अशी मांडणी होती. क्रम उलटा केला, सर्वांना ५८७ या पोर्टवर (आपल्याच वापरकर्त्यांनी मेल पाठवण्याच्या वेगळ्या दारावर) आणले आणि प्रश्न मिटला.

रुग्णालयाचा माहिती-तंत्रज्ञान कक्ष

इथे बहुतेकांचा ग्रेलिस्टिंगवर विश्वास आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा विरोधी वाटेल. अनोळखी सर्व्हरला "नंतर या" असे सांगायचे आणि तो परत आला तरच मेल घ्यायचा, ही युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. ग्रेलिस्टिंग करणाऱ्या पोस्टग्रे या प्रोग्रॅममध्ये ही वाट मुळात ३०० सेकंदांची असते. पण समोरचा सर्व्हर पाच मिनिटांनीच परत येईल असे कुठे लिहिलेले नाही, आणि मोठ्या सेवा दुसऱ्या वेळी भलत्याच पत्त्यावरून येतात. विमा कंपनीच्या संकेतस्थळाचा ओटीपी त्याची मुदत संपल्यावर हाती पडायचा, आणि डिस्चार्जसाठी थांबलेले नातेवाईक काउंटरवरच्या मुलीवर ओरडायचे.

आम्ही आता आरस्पॅमडी हा दुसरा फिल्टर वापरतो. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये चार गुणांवर ग्रेलिस्टिंग, सहावर स्पॅमची खूण आणि पंधरावर नकार, अशा पायऱ्या आहेत; त्यामुळे मुळातच संशयास्पद असलेला मेल तेवढा थांबवला जातो आणि ओटीपीचा मेल सहसा चारपर्यंत पोहोचतच नाही.

सूत व्यापारी पेढी

आमची अडचण उलट होती. अडवायला हवा होता तो मेल आत आला. जुन्या पुरवठादाराच्या नावाने, बँक खाते बदलल्याचे कळवणारा मेल थेट इनबॉक्समध्ये पोहोचला. लेखापालांनी पैसे पाठवण्यापूर्वी फोन करून विचारले, म्हणून रक्कम वाचली. हेडरमध्ये एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, ही तपासणी) नापास झाल्याची नोंद होती, तरीही एकूण गुण उणे नव्वदच्या आसपास होते, कारण त्या पुरवठादाराचे मेल अडू नयेत म्हणून कोणीतरी त्याचे डोमेन "व्हाइटलिस्ट फ्रॉम" या यादीत घातले होते आणि त्या नियमाचे उणे शंभर गुण बाकी सर्व नियमांवर मात करत होते. पाठवणाऱ्याचा पत्ता कोणालाही खोटा लिहिता येतो, आणि ही यादी तेवढाच पत्ता पाहते.

आता अशी सर्व नावे "व्हाइटलिस्ट ऑथ" या यादीत हलवली आहेत. तिथे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरील डिजिटल सहीची तपासणी) उत्तीर्ण झाल्याशिवाय सूट मिळत नाही. स्पॅमअसॅसिनच्या चौथ्या आवृत्तीत या याद्यांना "वेलकमलिस्ट" असे नवे नाव आहे, हे शोधताना लक्षात ठेवावे. ज्यांच्याकडे जुनी यादी अजून चालू आहे, त्यांनी तिच्यातील बँका आणि पुरवठादार आजच तपासावेत.

निवृत्त सिस्टिम प्रशासक, रेल्वे लाइन्स

वरच्या अनुभवांत दोष सेटिंगचा आहे. कधी नियम लिहिणाराच चुकतो, हेही नोंदवतो. १ जानेवारी २०१० रोजी स्पॅमअसॅसिनचा एक नियम त्या वर्षाची तारीख असलेल्या प्रत्येक मेलला "फार पुढची तारीख" म्हणून गुण देऊ लागला. १ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या तपासणी यंत्रणेला तारखेपासून बनवलेला आकडा आपल्या रकान्यात मावेना आणि जगभर मेल रांगेत अडकले. अशा दिवशी स्थानिक सेटिंग उकरत बसण्यात अर्थ नसतो. स्पॅमअसॅसिनचे नवे नियम आणणारी एसए-अपडेट ही आज्ञा रोज चालते आहे ना आणि नव्या नियमांनंतर सेवा पुन्हा सुरू होते ना, एवढे पाहावे.

याद्यांचेही आयुष्य संपते. ओआरडीबी ही काळी यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली, तरी अनेकांनी तिचे नाव काढले नाही. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला "आहे" असे उत्तर देऊ लागली आणि त्या सर्व्हरांवर येणारे सगळे मेल परत गेले. सॉर्ब्ज ही यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, आणि आजही मला इथल्या सेटिंगमध्ये तिचे नाव सापडते. नवी यादी जोडताना तिच्यापुढे काही दिवस पोस्टफिक्सचे "वॉर्न इफ रिजेक्ट" लावून ठेवावे. नकार लॉगमध्ये दिसतो, पण मेल आत येतो. टॉवेलवाल्यांनी सांगितलेली १२७.०.०.१ ची तपासणी मी ज्यांचे सर्व्हर पाहतो त्यांच्याकडे दर तासाला क्रॉनमधून चालते. चुकीचे उत्तर आले तर सूचना एसएमएसने जाते, कारण त्या वेळी मेल पोहोचेल याची खात्री नसते.