अनुभव धागा : दाखल मुलाची प्रकृती ढासळताना पहिली खूण कोणती दिसली?

रुग्णालयात दाखल असलेल्या मुलाची तब्येत बिघडू लागल्याचे आपल्याला सर्वप्रथम कशावरून जाणवले आणि ते कोणाला कसे सांगितले, एवढेच येथे लिहावे. उपचारांची चर्चा नको.

परिचारिका, बालरोग कक्ष
रडणाऱ्या मुलापेक्षा सुई टोचतानाही हात मागे न घेणाऱ्या मुलाची मला अधिक धास्ती वाटते. न्यूमोनियाचे दहा महिन्यांचे एक बाळ संध्याकाळपर्यंत माझा गणवेश दिसताच भोकाड पसरत असे. रात्री सलाईन पाहायला गेले तेव्हा ते जागे होते, परंतु त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मॉनिटरच्या पडद्यावर रक्तातील ऑक्सिजन ९५ टक्के दिसत असल्याने घरचे निर्धास्त होते; मात्र तो आकडा टिकवण्यासाठी ऑक्सिजनचा प्रवाह दुपारपासून वाढवत न्यावा लागला होता, हे पडदा सांगत नाही. झबले वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ते ६८ भरले. या वयात ५० किंवा त्याहून अधिक म्हणजे जलद श्वसन. फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात होता, श्वासागणिक डोके हलत होते आणि उच्छ्वासाबरोबर बारीक कण्हणे ऐकू येत होते. निवासी डॉक्टरांना फोनवर दुपारचे आणि आताचे आकडे शेजारी शेजारी ठेवून सांगितले. ते लगेच आले आणि बाळाला अतिदक्षता विभागात हलवले.

बालरोगतज्ज्ञ
‘रक्तदाब व्यवस्थित आहे’ या वाक्यावर मी विसंबत नाही. मुलांचे शरीर नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ सावरून धरते, त्यामुळे तो घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. ताप उतरूनही न उतरणारी नाडी, गार तळवे, बोटाने दाबलेल्या त्वचेचा रंग परतण्यास लागणारा दोन सेकंदांहून अधिक वेळ, या खुणा त्याआधीच्या. दम्याच्या मुलाची घरघर थांबली, पण धाप तशीच राहिली, तर छातीत हवाच जात नसल्याची शक्यता असते. अशा निरीक्षणांना गुण देणारे तक्ते आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सात देशांतील २१ रुग्णालयांच्या चाचणीत अशा एका तक्त्यामुळे मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. तरीही मी तो सोडत नाही, कारण पाळी बदलताना मागील काही तासांचा कल त्याच कागदावर सापडतो.

वडील
डेंग्यूत मुलीचा ताप उतरला, तेव्हा आम्ही हुश्श केले. परंतु ती तळमळत होती, पोट दुखते म्हणत होती, पाय गार होते आणि सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती. ‘ताप नाही ना, झोपू द्या’ असे एकदा ऐकावे लागले. मग लघवीचे सांगितले, तेव्हा रक्त तपासले गेले. ताप उतरण्याचा काळच डेंग्यूत जपण्याचा असतो, हे नंतर कळले.

आई
माझा मुलगा बोलत नाही, त्याचे स्नायूही कायम ताठ असतात. नवख्या डॉक्टरांना त्याचे नेहमीचे कोणते आणि बिघडलेले कोणते, हे कसे कळावे? म्हणून त्याची एरवीची नाडी, झोप, कण्हण्याची तऱ्हा आणि हाकेला तो डोळ्यांनी देतो तो प्रतिसाद, हे सारे एका कागदावर लिहून मी दाखल होतानाच केस पेपरला जोडते.