मदत हवी आहे: बास्केटबॉल – शेवटच्या दोन मिनिटांत लीड टिकत नाही

पॉइंटगार्ड_४
कॉलेज टीम आहे. तीन क्वार्टर पुढे असतो आणि चौथ्यात दोन मिनिटं उरली की सगळं विस्कटतं. चार-पाच पॉइंटची लीड घालवून एक-दोनने हरतो. झोनल (विभागीय स्पर्धा) तोंडावर आहे. शेवटची दोन मिनिटं नेमकी कशी खेळायची ते सांगा. ‘शांत राहा’ सोडून काहीही चालेल, ते सगळेच सांगतात.

झोनप्रेस
हरता कशाने? टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल घालवणं), फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट), की समोरच्यांना दुसरा चान्स मिळतो म्हणून? त्या वेळी टीम फाउल किती असतात? टाइमआउट शिल्लक असतो का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कॅन्ससवासी
मित्रा, एकच नियम पाठ कर: तीनने पुढे असाल आणि सहा-सात सेकंद उरले असतील तर फाउल करा, थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारूच देऊ नका. २००८ची एनसीएए (अमेरिकेतली कॉलेजांची स्पर्धा) फायनल बघ. मेम्फिस २:१२ मिनिटं असताना ६०-५१ पुढे होतं. मग फ्री थ्रो हुकले, शेवटी तीनची लीड असताना फाउल वेळेत झाला नाही, आणि २.१ सेकंद राहिले असताना मारियो चाल्मर्सने थ्री मारून बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये कॅन्सस ७५-६८ जिंकलं.

पॉइंटगार्ड_४
मित्रा नाही, मुलींची टीम आहे, मी कॅप्टन. @झोनप्रेस, टर्नओव्हरही होतात आणि फ्री थ्रोही जातात. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टवर अंगावर येऊन अडवणं) लावला की बॉल आतच येत नाही. फ्री थ्रो दोनपैकी एक पडतो. टाइमआउट मी मागते, पण पंच देत नाहीत.

टेबलवाला
देणारच नाहीत. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम चालतात. टाइमआउट फक्त हेड कोच किंवा पहिला असिस्टंट मागू शकतो, तोही टेबलाजवळ येऊन. कोर्टवरच्या खेळाडूने कितीही खुणा केल्या तरी उपयोग नाही. तुमच्या बाकावर कोच असतो ना?

आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट असतात, पण चौथ्या क्वार्टरमध्ये घड्याळ २:००वर आलं की त्यानंतर जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. तिन्ही राखून ठेवलेत तर एक वाया जातो, तेव्हा पहिला २:००च्या आधीच घ्या. दुसरं, शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांची बास्केट पडली की घड्याळ थांबतं आणि टाइमआउट तुम्हाला मिळू शकतो, बास्केट करणाऱ्यांना नाही. त्या टाइमआउटनंतर बॉल एंडलाइनवरून (बास्केटमागच्या लाइनवरून) न घेता फ्रंटकोर्टच्या (तुम्ही हल्ला करता त्या अर्ध्या कोर्टच्या) थ्रो-इन लाइनवरून घेता येतो. ही लाइन टेबलाच्या समोरच्या साइडलाइनवर, एंडलाइनपासून ८.३२५ मीटरवर असते. शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) १४ सेकंदांचं मिळतं, पण प्रेस अख्खा वगळला जातो. तुमचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

कॅन्ससवासी
कॉलेज बास्केटबॉलमध्ये टाइमआउट खेळाडू मागू शकतो की. १९९३च्या फायनलमध्ये मिशिगनच्या क्रिस वेबरने शिल्लक नसलेला टाइमआउट मागितला आणि टेक्निकल (नियमभंगाचा फाउल) बसला, हे तर जगाला माहीत आहे.

टेबलवाला
ते तिकडचं. इकडे ते लागू नाही.

फास्टब्रेक_फॅन
मुलींची टीम आहे म्हणून सांगतो, व्हर्टिकल जंप वाढवा. बॉक्स जंपचे आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. मोठा फरक पडतो.

झोनप्रेस
झोनल तोंडावर असताना जंप वाढवायची? धागा वाचा.

प्रेसचं सांगतो. बास्केट खाल्ल्यावर बॉल आत टाकणारीला एंडलाइनमागे हवं तेवढं पळता येतं. फाउल किंवा आउटनंतर मात्र फार सरकता येत नाही. हा फरक पाचही जणींना ठाऊक हवा. बोर्डच्या बरोबर मागे उभं राहू नका, लांब पास बोर्डला लागतो. टाकायला पाच सेकंद असतात, म्हणून तिसऱ्या सेकंदापर्यंत पहिला पर्याय, नाही जमला तर दुसरा. तिसरा पर्याय मधल्या वर्तुळाजवळ उभी असलेली उंच मुलगी.

बॉल कोपऱ्यात घेऊ नका. ट्रॅप (दोघींनी मिळून कोंडणं) दोनच जागी बसतो, कोपऱ्यात आणि हाफलाइन ओलांडल्याबरोबर साइडलाइनला. पकडली की तोंड पुढे, लगेच ड्रिबल नाही. पहिला पास मध्ये, मधून उलट्या बाजूला. आठ सेकंदांत हाफ ओलांडायचा असतो, तीन पासमध्ये चार-पाच सेकंदांत होतं. ड्रिबल करत एकटी निघालीस तर होत नाही, आणि पॉइंट गार्डचं नेमकं तेच चुकतं.

टेबलवाला
भर घालतो: शेवटच्या दोन मिनिटांत पंच थ्रो-इनआधी बचाववालीला लाइनची ताकीद देतात. त्यानंतर तिने हात किंवा अंग लाइनबाहेर काढून अडवलं तर टेक्निकल. तेव्हा टाकणारीने घाबरून मागे जाऊ नये.

कॅन्ससवासी
सगळं ठीक, पण तीनच्या लीडवर फाउल कराच.

झोनप्रेस
या टीमने नको. हिशोब करा. फाउल केलात, समोरच्यांनी दोन्ही टाकले, लीड एकची. आता यांना बॉल आत घ्यायचाय, तोच यांना जमत नाही. घेतला तर लगेच फाउल होणार आणि यांचे फ्री थ्रो दोनपैकी एक. म्हणजे ज्या दोन गोष्टी कच्च्या आहेत त्याच मागून घ्यायच्या. त्यापेक्षा थ्रीच्या लाइनवर स्विच करा (आपापली खेळाडू बदलून घ्या), प्रत्येक स्क्रीनला (त्यांची खेळाडू वाटेत उभी राहून अडवते तेव्हा). कुणीही आत मदतीला जायचं नाही, दोन पॉइंट द्यायचे, थ्री द्यायचा नाही.

टेबलवाला
मध्यममार्ग आहे. आधी टीम फाउल बघा. क्वार्टरमधले पहिले चार फाउल शूटिंगचे नसतील तर फ्री थ्रो मिळत नाही, पाचव्यापासून दोन मिळतात. तुमचे दोनच झाले असतील तर शेवटच्या दहा सेकंदांत दोन फाउल फुकट आहेत. प्रत्येक वेळी समोरच्यांना पुन्हा थ्रो-इन घ्यावा लागतो आणि दोन-तीन सेकंद जातात. म्हणून चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला हाफकोर्टवर फालतू फाउल करू नका.

पण फाउल बॉलकडे हात नेऊनच. मागून मिठी मारली, जर्सी ओढली तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. तिची पाठ बास्केटकडे असताना, ड्रिबल चालू असताना करा. हात वर गेले की सोडून द्या, नाहीतर तीन फ्री थ्रो. आणि समोरची टीम बॉल आत टाकायच्या तयारीत असताना, बॉल अजून बाहेर असताना फाउल अजिबात नको. शेवटच्या दोन मिनिटांत त्याला एक फ्री थ्रो आणि बॉल त्यांचा.

कॅन्ससवासी
हे मान्य. आमच्याकडे पुरुषांना हाफमधल्या सातव्या फाउलला वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) असतो, त्यामुळे गणित वेगळं बसतं. महिलांच्या एनसीएएमध्ये २०१५-१६पासून चार क्वार्टर आणि पाचव्या फाउलला दोन, म्हणजे तुमच्यासारखंच. त्यांचे सामने बघ, पुरुषांचे नको.

पॉइंटगार्ड_४
कोच म्हणजे आमच्या क्रीडा संचालक मॅडम, त्या मूळच्या अ‍ॅथलेटिक्सच्या. टाइमआउटचं त्यांना सांगून ठेवते. अजून एक: झोनलला शॉट क्लॉक नसतं बहुतेक. लीड असताना आम्ही बॉल फिरवत बसतो, ते चुकतं का?

झोनप्रेस
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! हो, तिथेच चुकतं. फिरवत बसलं की समोरच्या वर चढतात आणि तुम्ही हाफलाइनला चिकटता. वेळ काढायचा तो आक्रमणाच्या जागेवरून. गार्ड वर, दोघी विंगला, दोघी कोपऱ्यात, आतली जागा रिकामी. जिची बचाववाली जास्त चढली तिने बॅकडोअर कट (बचाववालीच्या पाठीमागून बास्केटकडे धाव) मारायचा. त्या वेळी लेअपशिवाय (बास्केटजवळ जाऊन टाकलेल्या शॉटशिवाय) शॉट नाही.

शॉट क्लॉक असेल तर १० सेकंद उरले की हल्ला सुरू, ४ उरल्यावर नाही.

टेबलवाला
शॉट क्लॉक नसेल तर मॅचआधी टेबलावर विचारून घे: २४ सेकंद कोण मोजणार, शेवटचे किती ओरडून सांगणार. बाकावरच्या एकीकडे स्टॉपवॉच द्या, तिने फक्त तेच काम करायचं.

स्टॉप_अँड_पॉप
सिमेंटच्या कोर्टवर कोणते शूज घालता? सोल गुळगुळीत झाला असेल तर प्रेसमध्ये वळताना घसरायला होतं, त्यानेही टर्नओव्हर होतात.

झोनप्रेस
शूजसाठी वेगळा धागा काढा.

प्रॅक्टिसची शेवटची २० मिनिटं अशी: घड्याळ १:३०, लीड ३, टीम फाउल ४, टाइमआउट १, बॉल तुमचा. खेळा. मग तेच उलट, तीनने मागे. मग ०:०८, एकने पुढे, थ्रो-इन त्यांचा. दर प्रसंगानंतर हाफकोर्ट दोनदा पळून प्रत्येकीने दोनच फ्री थ्रो. सलग दहा-दहा टाकून काही होत नाही, सामन्यात दमलेल्या पायांनी दोनच मिळतात. ज्या दोघींचे जास्त पडतात, शेवटी थ्रो-इनचा पहिला पास त्यांच्याकडेच.

पॉइंटगार्ड_४
समोरच्यांनी दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवला तर?

टेबलवाला
बॉल रिंगला लागावाच लागतो, नाहीतर व्हायोलेशन आणि बॉल तुमचा. लेनवर (बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या कडेला) तुमच्या तिघी, त्यांच्या दोघी. आतल्या दोघींनी शेजारच्या दोघींना अडवायचं आणि तिसरीने थेट शूटरला. उरलेल्या दोघी थ्रीच्या लाइनमागे, उडून येणाऱ्या बॉलसाठी.