चेसापीक रिट्रीव्हर साबांची (सासूबाईंची) स्लिपर सोडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसजवळ राहतो. गेल्या वर्षी घरात चेसापीक बे रिट्रीव्हर (चेसी) जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव बंड्या, आणि नावाला जागतोय. आता १४ महिन्यांचा आहे, वजन ७२ पौंड.

माहेरी सांगलीला लॅब (लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर) होता, त्यामुळे वाटलं, रिट्रीव्हर तो रिट्रीव्हर. कसलं काय! लॅबला 'बस' म्हणायच्या आत तो बिस्किटाच्या आशेने बसलेला असायचा. हा आधी माझ्याकडे बघतो, मग बिस्किटाकडे, मग खिडकीबाहेर, आणि पटलं तर बसतो. तेच तिसऱ्यांदा सांगितलं तर उठून दुसऱ्या खोलीत. नवरा एकदा खेकसला, तर दोन दिवस त्याच्या हातचं खाल्लं नाही.

खरा प्रश्न स्लिपरचा. साबा सध्या इथे आल्यात. बंड्या त्यांची स्लिपर पळवतो, डायनिंग टेबलाखाली नेतो आणि वर दोन्ही पंजे ठेवून बसतो. फाडत नाही, चघळत नाही, नुसता राखण करतो. जवळ गेलं की वरचा ओठ उचलून दात. साबा म्हणतात, "मेला गुरकावतोय." लेक म्हणते, "आजी, तो हसतोय." चेसी दात दाखवून हसतात हे खरंय, पण मला फरकच कळत नाही. परवा हात घातला तर घशातून आवाजही आला.

शेजारचे शिकारी काका म्हणतात, हे रक्तातच आहे. बाजारासाठी मारलेली बदकं बर्फाळ पाण्यातून काढायची आणि वर त्या मालावर पहारा द्यायचा, हेच या कुत्र्यांचं काम. १८०७ साली फुटक्या जहाजावरून वाचवलेल्या सेलर आणि कँटन या, या जातीचं मूळ मानल्या जाणाऱ्या दोन पिल्लांची गोष्टही त्यांनी ऐकवली. १९६४पासून हा राज्याचा अधिकृत कुत्रा आहे, मान्य. पण साबांची स्लिपर म्हणजे बदक नव्हे ना!

हिसकावून घेऊ की दुर्लक्ष करू? कुणी चेसी पाळलाय का?

प्रतिसाद:

आमची चेसी ११ वर्षं होती. हसताना अख्खं अंग ढिलं असतं: ढुंगण हलतं, डोळे बारीक, कान मागे. गुरकावताना अंग ताठ, मान वस्तूवर झुकलेली, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसतं. तुमचं प्रकरण दुसरं वाटतंय.

हात अजिबात घालू नका. गुरगुरण्यावर रागावूही नका. ती सूचना आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. त्याऐवजी अदलाबदल शिकवा. सुरुवात जुन्या टॉवेलपासून, ज्याची त्याला फारशी पडलेली नाही. उकडलेल्या चिकनचा तुकडा थोडा लांब टाका, टॉवेल सुटला की 'दे' म्हणा, आणि चिकन खाऊन झालं की टॉवेल त्याला परत द्या. परत देणं विसरू नका. दिलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याला पटलं पाहिजे, आणि न पटलेलं तो करत नाही हे तुम्ही पाहिलंयच. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे, कंटाळला की संपलं. तोवर स्लिपर कपाटात. आवाज वाढला तर मात्र मारझोड न करणारा ट्रेनर गाठा.

धागाकर्ती:

खूप आभार! आज टॉवेलवर केलं, चौथ्या वेळी सोडला. कपाट जरा उघडं राहिलं होतं. आत्ता साहेब साबांची दुसरी स्लिपर घेऊन आले, चिकनच्या डब्यासमोर ठेवली आणि न सांगता बसले. आता याला चिकन द्यायचं का?