एमएम ५४० चं इंजिन बदलायचंय, सोबत गिअरबॉक्स पण. कोणतं घेऊ?

जावळीकर:
नमस्कार मंडळी, घरची महिंद्रा एमएम ५४० फोर बाय फोर आहे, वडिलांनी घेतलेली. एक्सडीपी ४.९० इंजिन, चार गिअरचा बॉक्स. कॉम्प्रेशन संपलंय, हीटर दोन वेळा दिला तरी सकाळी धक्का मारावा लागतो, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) धूर, तेल पण खातेय. गाडी मेढ्याकडे शेतावर राबते, पावसाळ्यात चिखलातून रोपं-खत न्यायचं, अधूनमधून पुण्याला पण जावं लागतं. विकायची नाही हे नक्की. एक मेकॅनिक म्हणतो बोलेरोचं डीआय इंजिन गिअरबॉक्ससकट आणून टाकू, स्वस्तात होईल. दुसरा म्हणतो एक्सडी३पी बघ. मित्र म्हणतो जुन्या थारचं सीआरडीई (कॉम्प्युटरवर चालणारं कॉमन रेल डिझेल) टाक. मला लो गिअर गमवायचा नाहीये, फक्त हायवेला ७० च्या पुढे गाडी फार ओरडते ते कमी झालं पाहिजे. काय करू?

लेथवाले काका:
बोलेरोचा गिअरबॉक्स म्हणजे टू व्हील ड्राइव्हचा का ते आधी विचारा. त्याच्या शेपटाला थेट प्रोपेलर शाफ्ट लागतो, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा, लो गिअरवाला डबा) बसायला जागाच नसते. तुमच्या गाडीचा ट्रान्सफर केस जुन्या जीपवाला, स्पायसर १८ जातीचा, त्याची मागची बाहेरची शाफ्ट गिअरबॉक्सच्या रेषेत नसते, एका बाजूला असते, म्हणून मागच्या हाउसिंगचा (अॅक्सलचा) गोळा पण मधोमध नाही. गाडीखाली वाकून बघा, लगेच दिसेल. नवीन पद्धतीचा ट्रान्सफर केस टाकलात, ज्याचं मागचं तोंड सरळ रेषेत येतं, तर मागचं हाउसिंग पण बदलावं लागतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही, गाडी उघडून पडली की सांगतात. शिवाय पाच गिअरचा बॉक्स लांब असला की ट्रान्सफर केस मागे सरकतो, मागचा प्रोपेलर आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. म्हणून इंजिन नंतर बघा, आधी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची जोडी ठरवा, आणि ती फोर बाय फोर गाडीतूनच आलेली घ्या.

घाटवाट:
काकांना पूर्ण अनुमोदन. इंजिनाचं माझं मत स्पष्ट आहे, एक्सडी३पी. प्युजोच्याच घराण्यातलं आहे, तुमचं २११२ सीसी आणि ६२ हॉर्सपॉवर, हे २४९८ सीसी आणि ७२ च्या आसपास, सुरुवातीच्या बोलेरोत हेच यायचं. त्यामुळे फाउंडेशन (इंजिन बसवायच्या जागा), पाइप, वायरिंग यात फार कापाकापी होत नाही. एमडीआय, म्हणजे तुमचा पहिला मेकॅनिक सांगतोय ते बोलेरोचं डीआय, २५२३ सीसीवालं, ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेलं, डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे थंडीत पटकन सुरू होतं आणि कमी आरपीएमला ओढतं पण छान, नांगरटीच्या रानात मला तेच आवडेल, पण फार फिरत नाही आणि थरथर भरपूर, म्हणजे तुमचा हायवेचा त्रास तसाच राहणार. सीआरडीईची ताकद मस्त आहे, १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन मीटर, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळी वायरिंग आणि डिझेलची टाकी एकदम स्वच्छ लागते, आणि मेढ्यात पावसात बंद पडली तर स्कॅनर कोण आणणार? आणि जुन्या हाउसिंगवर इतका टॉर्क टाकायला माझं मन होत नाही.

डिझेलप्रेमी कोल्हापूर:
आहे तेच इंजिन बांधायचा विचार केलात का? एक्सडीपीला ओले लायनर (पाण्याला लागून बसणारे, काढता येणारे सिलिंडरचे नळे) असतात, लायनर-पिस्टन किट नवीन टाकता येतं, ब्लॉक बोअर करायची गरज नाही. क्रँक मापात असेल आणि हेडला तडा नसेल तर मी तरी हाच मार्ग घेईन. भंगारातून आणलेलं इंजिन पण शेवटी उघडून बांधावंच लागतं.
आणि कागद विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या. जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल कडक बघतात. त्याच जातीचं, डिझेलच्या जागी डिझेल असेल तर बोलायला जागा राहते. इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर घेऊच नका, अपघात झाला आणि नंबर जुळला नाही तर इन्शुरन्सवाले क्लेम अडवतात.

जावळीकर:
खूप आभार सगळ्यांचे. आज मागचं कव्हर उघडून क्राऊन-पिनियनचे (हाउसिंगमधल्या गिअरच्या जोडीचे) दात मोजले, ३९ आणि ८. टायर साधारण २९ इंची आहेत. यावरून काही कळतं का?

लेथवाले काका:
कळतं की. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. टायरचा घेर २.३ मीटर धरा. टॉप गिअर सरळ (१:१) असेल तर ३००० आरपीएमला ८५ च्या आसपास स्पीड येतो. तेच पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर तेवढ्याच आरपीएमला १०६. म्हणजे तुमचं ओरडणं इंजिनाचं कमी आणि गिअरचं जास्त आहे. क्राऊन-पिनियनला हात लावू नका, त्याच्यामुळेच चिखलात गाडी ओढते, ट्रान्सफर केसच्या लो मध्ये २.४६ पट आणखी मिळतात ते वेगळे. इंजिन आहे तेच ठेवायचं म्हटलं तर आधी ते बांधून घ्या, मग त्यावर बसणारा पाच गिअरचा फोर बाय फोरवाला बॉक्स शोधा, घाई नाही. इंजिनाचं बेलहाउसिंग (गिअरबॉक्सला जोडणारं तोंड) आणि क्लच प्लेटची स्प्लाइन (आतले दाते) जुळते का ते दोन्ही वस्तू समोरासमोर ठेवूनच बघा, फोनवरच्या शब्दावर पैसे देऊ नका. चारही चाकांना ड्रम असतील तर लायनिंग आणि व्हील सिलिंडर याच कामात करून घ्या, ९० ला पळणारी ५४० थांबली पण पाहिजे.